लाकडाची करंगळी

हट्टा गावच्या किसनरावांना फिरण्याची भारी हौस. दिवाळी झाली, कापसाची पहिली वेचणी घरात पडली की ते वसमतच्या एखाद्या ट्रॅव्हल्सवाल्याला गाठायचे आणि कुठली ना कुठली टूर पक्की करून यायचे. जिथं जातील तिथून काहीतरी उचलून आणायचे. बैठकीत त्यांनी काचेचं कपाट करून घेतलं होतं. कुठल्या पडक्या देवळातल्या दगडी हत्तीचा कान, कुठल्या लेण्यातला रंगाचा पोपडा, कुठल्या समाधीवरची फरशीची कपची, असं सगळं त्यात मांडून ठेवलेलं. मंजुळाबाई दर सणाला ते कपाट पुसायच्या. हे बराबर नाही, असं त्यांना वाटायचं. पण पडलेले दगड आहेत, कुणाचं काय गेलं, असं म्हणून त्या फडकं झटकून आत जायच्या.

त्या सालची टूर गोव्याची होती. पुरुषांचं लक्ष समुद्राकडं आणि बाटलीकडं होतं. बायका सोबत होत्या म्हणून ट्रॅव्हल्सच्या रणजीतनं एक दिवस चर्च आणि धार्मिक मूर्तींच्या म्युझियमला दिला होता. रणजीत हा वसमतचाच. हातात छत्री, गळ्यात शिट्टी, आणि कुठल्याही गावात उतरलं तरी आपण तिथंच जन्मल्यासारखं बोलायची सवय.

मंजुळाबाईंना खरं तर कुठंच जायचं नव्हतं. आदल्या पावसाळ्यात त्यांचा स्वप्निल गेला होता. विहिरीवर मोटर चालू करायला गेला आणि ओल्या तारेनं धरला. कॉलेजात शिकणारं, मिसरूड फुटलेलं पोरगं. जीपच्या मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्या वसमतच्या दवाखान्यापर्यंत गेल्या होत्या. पोहोचायच्या कितीतरी आधीच त्यांना कळलं होतं, तरी त्या त्याच्या तोंडावरचा चिखल पदरानं पुसत राहिल्या होत्या. पुढच्या सीटवर किसनराव ओक्साबोक्शी रडत होते. म्हणूनच, "चल, जरा मन रमंल," असं ते म्हणाले तेव्हा मंजुळाबाईंना नाही म्हणवलं नाही. शेजारच्या हिरासिंग गुरुजींची बायको जिवनबाई पण यायला निघाली होती, तिची सोबत होती.

पहिल्याच चर्चमध्ये त्यांचं मन विटलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत थंडगार, उंच, शांत. कोपऱ्यात एक म्हातारी गुडघे टेकून बसली होती. आणि आपली माणसं बाजारात शिरावी तशी शिरली. दाराशी पवित्र पाण्याचं दगडी भांडं होतं. एकानं त्यात हात घालून गुटख्यानं लाल झालेलं तोंड धुतलं आणि धोतराच्या सोग्याला पुसलं. कुणी बाकाखाली संत्र्याची सालं टाकली. रणजीत वेदीसमोर उभा राहून छत्री नाचवत सांगत होता, "हे सगळं सोनं हाय बरं का! एवढं सोनं काढलं तर आपल्या अख्ख्या तालुक्याला बसून खाता येईल." वर नागड्या बाळांच्या, पंख लावलेल्या मूर्ती होत्या. त्यांच्याकडं छत्री करून तो काहीतरी अचकट बोलला. पुरुष खदाखदा हसले. म्हातारीनं मान वळवून बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले.

"जिवनबाई, चला बाहेर," मंजुळाबाई म्हणाल्या. "मळमळून राहिलं मला."

"बसचं लागलं असंल, बाई."

"बसचं न्हाई."

दुपारी म्युझियम. जुन्या मठाची दोन-तीन दालनं, त्यात लाकडाच्या, हस्तिदंताच्या मूर्ती. काही काचेत, काही नुसत्याच चौथऱ्यावर. रणजीतचं इथं काही चालत नव्हतं, कारण करड्या साडीतली एक सिस्टर स्वतः माहिती सांगायला पुढं आली. ती हळू बोलायची, त्यामुळं पुरुष कंटाळून मागं रेंगाळले. शेवटच्या दालनात ती एका मूर्तीपाशी थांबली.

आई बसली होती आणि तिच्या मांडीवर तिचा मेलेला मुलगा. चांगला वाढलेला, लांब पायांचा मुलगा. त्याचा एक हात खाली लोंबत होता. आईचा डावा हात त्याच्या डोक्याखाली, उजवा हात मोकळा, तळवा वर. जणू कुणाला तरी विचारत होती, आता याचं मी काय करू? रंग जागोजागी उडाला होता. उजव्या हाताच्या करंगळीला तडा गेलेला होता.

सिस्टर काय सांगत होती ते मंजुळाबाईंना पुढं ऐकूच आलं नाही. वाढलेल्या लेकराचं डोकं मांडीवर किती जड लागतं, ते त्या लाकूड कोरणाऱ्याला कसं कळलं असेल, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं. त्यांनी मागं वळून किसनरावांकडं पाहिलं. किसनरावही मूर्तीकडंच टक लावून बघत होते. मंजुळाबाईंना वाटलं, यांनाही तेच आठवलं असणार. स्वप्निल गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना नवऱ्याविषयी माया दाटून आली. डोळे पुसत त्या बाहेर गेल्या आणि त्यांना एकटं राहू दिलं.

परतीच्या वाटेवर बसमध्ये व्हिडिओवर गाणी चालली होती. किसनरावांनी खिशातून रुमाल काढला, मांडीवर ठेवला आणि हळूच उलगडला. तंबाखूच्या चुऱ्यात एक लाकडी बोट पडलं होतं. टोकाला नखाचा आकार, बुडाशी ताजं, पांढरं लाकूड.

"बघ काय आणलं," ते कुजबुजले. "नुसतं वाकवलं तर कटकन् निघालं. शंभर न्हाई, दोनशे न्हाई, पाचशे वर्षांचं हाय!"

"कुणाचं हाय हे?"

"त्याच मढं घेऊन बसलेल्या बाईचं. कुणी न्हवतं तिथं."

मंजुळाबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि त्यांना भडभडून ओकारी आली. ड्रायव्हरनं बस थांबवली. जिवनबाई पाण्याची बाटली घेऊन धावली. किसनराव रुमाल घडी करून म्हणाले, "तिला सोसतच न्हाई प्रवास."

गावात आल्यावर करंगळीला कपाटात मधोमध जागा मिळाली, खाली लाल मखमल. आणि मग बैठकीत दुसरी टूर सुरू झाली. संध्याकाळी कुणी ना कुणी यायचं, लेकीच्या सासरचे, जवळा बाजार गावचे व्याही, बँकेचा साहेब, बियाण्याचा दुकानदार. किसनराव रणजीतच्या छत्रीसारखी काठी हातात घ्यायचे आणि डावीकडून सुरुवात करायचे. "हा हत्तीचा कान. ही राजाच्या समाधीची फरशी." करंगळीपाशी आले की आवाज खाली यायचा. एकदा ते म्हणाले, चर्चच्या मोठ्या फादरनं आपल्यावर खूश होऊन दिली. दुसऱ्यांदा म्हणाले, ही खऱ्या माणसाची, वाळून लाकूड झालेली. मंजुळाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असायच्या. त्यांना नवऱ्याच्या आवाजाचीच किळस यायला लागली. त्या आवाजातला ओशट गोडवा त्यांच्या अंगावर तेलकट हातासारखा फिरायचा.

करंगळी हातोहात फिरायची. कुणी हुंगायचं, कुणी नखानं खरवडायचं. संक्रांतीनंतर एक दिवस तो बियाण्याचा दुकानदार करंगळीनं पाठ खाजवून दाखवत म्हणाला, "हिचा असा तरी उपेग होतोय, किसनराव!" बैठक हसून लोटपोट झाली. सगळ्यांत मोठ्यानं किसनराव हसले.

मंजुळाबाईंनी ट्रे तिथंच जमिनीवर ठेवला.

पाव्हणे गेल्यावर त्या म्हणाल्या, "ती परत नेऊन द्या."

"काहून?"

"आपल्या मांडीवर लेकरू गेलंय. तुमाला तिच्या हाताचं बोट मोडवलं तरी कसं?"

किसनरावांना हे खरंच समजलं नाही. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, नुसतं कोरं आश्चर्य होतं. "लाकूड हाय ते, मंजुळा," ते म्हणाले. तेव्हा मंजुळाबाईंना कळलं, की त्या दालनात हा माणूस मूर्तीसमोर इतका वेळ उभा होता तो फक्त तड्याकडं बघत.

दोन दिवसांनी किसनराव कापूस विकायला मोंढ्यावर गेले असताना त्यांनी कपाट उघडलं, करंगळी स्वच्छ धुतली, नव्या खणात गुंडाळली आणि जिवनबाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"मला गोव्याला जायचंय. एकटीला वाट न्हाई समजायची."

जिवनबाईनं खणाकडं पाहिलं. बसमध्ये तिनं सगळं ऐकलं होतं. "गुरुजीला सांगून येते," एवढंच म्हणाली आणि पिशवी भरायला आत गेली. घरी मंजुळाबाईंनी निरोप ठेवला, लेकीकडं जवळ्याला चालले.

परभणीहून कोल्हापूरची एस.टी., तिथून पुढची गाडी. विचारत विचारत, चुकत माकत त्या म्युझियमच्या दारात पोहोचल्या तेव्हा दोघींचे पाय सुजले होते. करड्या साडीतली सिस्टर तिथंच होती. मंजुळाबाईंनी खण उलगडला.

"आमच्या मालकानं मोडलं हे. मी द्यायला आले."

सिस्टरनं ते बोट तळव्यावर घेऊन पाहिलं. मग ती त्यांना शेवटच्या दालनात घेऊन गेली. आईच्या उजव्या हाताला नवी करंगळी बसवलेली होती. सुबक, पण बाकीच्या हाताहून उजळ.

"सुतार येऊन गेला," सिस्टर म्हणाली. "जुनी आता बसणार नाही."

"मग हिचं काय?"

"ठेवू. तिचीच आहे ना." तिनं भिंतीतलं कपाट उघडलं. आत मूर्तींचे गळून पडलेले तुकडे जपून ठेवले होते, एक पंख, एक कान, अर्धं पाऊल. करंगळी तिनं खणासकट त्यांच्यात ठेवली. मग विचारलं, "तुम्ही काही खाल्लंय का?"

तेवढ्यात दालनात गलका शिरला. कुठलीतरी टूर आली होती. पुढं गॉगल लावलेला गाइड, मागं पाववडे खाणारी माणसं. गाइड मूर्तीसमोर थांबला आणि हिंदीत सांगू लागला, "ये देखिए, चमत्कार! इस माता की उंगली टूट गई थी. अपने आप नई उग आई. छू लीजिए, मन्नत पूरी होती है." माणसं पुढं सरसावली. वड्याचे तेलकट हात एकामागून एक त्या नव्या करंगळीवरून फिरू लागले.

"खोटं बोलून राहिला हा!" मंजुळाबाई ओरडल्या. "सुतारानं बसवलीय! माझ्या नवऱ्यानं मोडली होती!"

माणसं वळून बघू लागली. गाइडनं लुगडं नेसलेल्या, धुळीनं भरलेल्या त्या बाईकडं पाहिलं आणि हसून कपाळाशी बोट फिरवलं. सगळे हसले. सिस्टरनं पुढं होऊन हात जोडून माणसांना मागं सारलं, पण तिच्या तोंडावर इतका थकवा होता, की हे रोजचंच असावं. मंजुळाबाईंना पुन्हा ओकारी दाटून आली. या खेपेला त्यांनी ती गिळली.

त्या घरी परतल्या तेव्हा किसनराव बैठकीतच होते. समोर पाव्हणे. लाल मखमल रिकामी होती आणि किसनराव सांगत होते, "दिल्लीला पाठवलीय तपासणीला. सरकारनं मागून घेतली."

मंजुळाबाई चप्पल न काढताच आत आल्या.

"दिल्लीला न्हाई. मी गोव्याला नेऊन देऊन आले. ह्यांनी मोडून, रुमालात बांधून चोरून आणली होती."

बँकेच्या साहेबानं कप खाली ठेवला. किसनरावांचा चेहरा क्षणभर पडला, पण क्षणभरच. त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं, मान हलवली आणि पाव्हण्यांकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "काय करावं, साहेब. आमचा स्वप्निल गेला तेव्हापासून हिचं डोकं ठिकाणावर न्हाई. काहीबी बोलते. आपणच समजून घ्यावं लागतं."

पाव्हण्यांनी च्यक्‌ च्यक्‌ केलं. साहेबानं किसनरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

मंजुळाबाईंना वाटलं होतं, किळसेचा तळ आपण पाहून झालाय. त्या उंबऱ्यात उभ्या राहून नवऱ्याच्या डोळ्यांतलं ते पाणी बघत राहिल्या. जीपमधल्या त्या दिवशीचं रडणं खरं होतं, एवढ्या एका गोष्टीवर त्या आजवर त्याच्यासोबत नांदल्या होत्या. आता तेही त्यानं पाव्हण्यांपुढं मांडलं होतं. त्या आत गेल्या, दोन लुगडी, गोधडी, तवा आणि पिठाचा डबा घेतला आणि मागच्या दारानं शेताकडं निघाल्या.

आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यापाशी, एक खोली होती, मजुरांच्या भाकरीसाठी चूल होती. हळद काढणीला आली होती. मंजुळाबाई बायकांसोबत वाफ्यात बसल्या, हळद शिजवायची कढई लागली तेव्हा जाळापाशी बसल्या, शिजलेली हळद पसरायला खळ्यावर उभ्या राहिल्या. लेक शिवकन्या जवळ्याहून समजूत काढायला आली आणि आईचं सगळं ऐकून दोन दिवस तिथंच राहिली. जाताना म्हणाली, "तुला इथंच राहायचं तर राहा, आई. मी बाबाला सांगते." जिवनबाई अधूनमधून यायची, बाजाराचं सामान आणून द्यायची. गावात जे बोलायचं ते लोक बोलले. काहींनी किसनरावांची कीव केली.

होळीच्या सुमारास एका सकाळी किसनराव आखाड्यावर आले. इस्तरीचे कपडे, पायांत बूट. खळ्यावरच्या हळदीत बूट भरू नये म्हणून ते बांधावरच थांबले.

"झालं तेवढं बास झालं," ते म्हणाले. "घरी चल."

मंजुळाबाईंनी मान वर केली. काही क्षण त्या वाट बघत राहिल्या, पुढं हा माणूस काय म्हणतोय म्हणून.

"नांदेडचे पाव्हणे येऊन राहिलेत दुपारी," किसनराव म्हणाले. "कपाट बघायला. चहाला घरात कुणी न्हाई."

"तुमच्या हातानं करा," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि पाठ फिरवून पाटी उचलून बायकांमध्ये गेल्या.