कपाळावरची सोनेरी अक्षरं

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. भोसरीच्या एका शेडमध्ये, प्रेसच्या ठोक्याखाली माझा जन्म झाला. मित्रांनो, माझ्या कपाळावर सोनेरी अक्षरांत ‘शुगर फ्री काजूकतली’ छापलं, तेव्हा मी कसला मिरवलो! पाठीवरही बारीक अक्षरं होती, पण त्यांच्याकडे मीसुद्धा लक्ष दिलं नाही.

खंडेनवमीला चाकणच्या एका कंपनीत यंत्रांची पूजा झाली. माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीला झेंडूचा हार घातला आणि प्रत्येकाच्या हातात माझ्यासारखा एकेक डबा पडला. मी आलो ती फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या ज्योतीरामांच्या हातात; ते मूळचे लातूरकडचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला होता आणि गोड म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सोबतचा कुलदीप स्वतःचा डबाही त्यांच्या हातात कोंबत म्हणाला, “घ्या भाऊ, बिनसाखरेचं आपल्याला न्हाई जमत. तुमच्याच कामाचं हाय.” बघता बघता पाच डबे जमले.

घरी त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी हटकलं, “अहो, किती खायचं ते?”

“साखरच न्हाई त्याच्यात. मग मोजायचं कशाला?” माझ्या कपाळावर बोट ठेवून ते म्हणाले.

ते बोट मला अजून जाणवतं. दुसऱ्या शिफ्टला जाताना ते भाकरी-भाजी टाळून वड्याच खाऊ लागले. पुढे तर रोजची गोळीही बंद केली. मला बोलता येत नव्हतं, हे खरं. पण ते माझ्यावर विसंबले होते आणि मला त्याचा चक्क अभिमान वाटत होता. त्या अभिमानाची आज फार लाज वाटते.

अकराव्या दिवशी त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि फोर्कलिफ्ट रॅकवर आदळली. नशीब, कुणाला लागलं नाही. तपासणीत साखर चारशेच्या घरात निघाली. ती आटोक्यात येईपर्यंत गाडीवर बसायचं नाही, असं कंपनीनं सांगितलं. गाडीचा हा गडी मान खाली घालून पॅकिंगला खोकी चिकटवू लागला.

कस्तुराबाई मला पिशवीत घालून डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी मला उलटं करून पाठ मोठ्यानं वाचली. काजू, रक्तातली साखर वाढवणारे पिष्ट पदार्थ, स्निग्धांश, सगळं निघालं. “मिठाई वाईट नाही,” त्या म्हणाल्या, “पण एकच वडी, जेवणानंतर, आणि त्या वेळी अर्धी भाकरी कमी. भाजी, डाळ, चालणं, गोळी, यातलं काही सोडायचं नाही.”

चार महिन्यांनी ज्योतीराम पुन्हा गाडीवर बसले. त्या रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी माझ्यात नव्यानं आणून भरलेल्या वड्यांतली एक घेतली, जिभेवर हळूहळू विरघळू दिली.

“कस्तुरा, आत्ता कुठं चव कळली बघ,” ते म्हणाले.

मग त्यांनी झाकण लावलं आणि मला फळीवर उलटं फिरवून ठेवलं, पाठ पुढे. मित्रांनो, माझ्यासारख्यांचं कपाळ बघून हुरळू नका, आधी पाठ वाचा. तेव्हापासून माझं कपाळ भिंतीकडे असतं. ते तिकडेच असलेलं बरं.