खळीखालचे कलम

मित्रांनो, मी युगांडाच्या राज्यघटनेची एक जुनी प्रत आहे. मुक्काम कोथरूडमधल्या एका विधी महाविद्यालयाचे ग्रंथालय. माझी कीव करू नका. मी चिडलेली आहे आणि तशीच राहणार आहे.

इंग्रज गेल्यावर माझ्या देशात घटना आल्या नि गेल्या. १९६६ सालची तर संसदेच्या सभासदांनी न वाचताच मंजूर केली. प्रत तुमच्या टपालाच्या कप्प्यात मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले. म्हणून १९९५ साली मला घडवताना आधी गावोगावी लोकांची मते विचारली. राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदती, असे एक कलम माझ्यात होते. त्याचा मला भारी तोरा होता.

दहा वर्षांत ते कलम उडवले. आमच्या ग्रंथालयात दुरुस्ती आली की नवा मजकूर चिठ्ठीवर टंकून ती जुन्यावर चिकटवतात. ग्रंथपाल सुदर्शनरावांनी ते काम शिपाई सत्यशीलाबाईंवर ढकलले. बाईंचे आजोबा छप्पन्न साली बौद्ध झालेले. त्यांच्या घरी राज्यघटना हात धुऊन उघडतात. बाईंनी विचारले, नुसती कड चिकटवू का, म्हणजे खालचेही वाचता येईल.

"बाई, तुम्हाला पगार चिकटवायचा मिळतो, वाचायचा नाही," सुदर्शनराव म्हणाले.

चिठ्ठी पुरती चिकटली. खाली माझी अक्षरे उरली की गेली, वीस वर्षे मलाच कळेना. सुदर्शनरावांना मी रोज शिव्या घातल्या. तुम्हालाही घातल्या, कारण कुणी मला उघडलेच नाही.

गेल्या महिन्यात युगांडाचा विद्यार्थी ओकेलो आला. जन्मापासून एकच राष्ट्राध्यक्ष पाहतोय, छापलेले ते कलम एकदा डोळ्यांनी बघायचे आहे, असे त्याने विनवले. सुदर्शनराव खुर्चीतून हललेही नाहीत. "नेटवर आहे. पुस्तकाला नख लागलं तर नवं आणून द्यायचं."

ते जेवायला गेले तशी बाईंनी ओला फडका पिळून माझ्या चिठ्ठीवर ठेवला. ओकेलो घाबरला.

"घाबरू नको. फेविकॉल नाही ते," बाई म्हणाल्या. "तेव्हा मी मुद्दाम घरून मैद्याची खळ करून आणली होती. पाण्यानं सुटते."

चिठ्ठी अलगद सुटली. अक्षरे फिकी होती, पण होती. ओकेलोने त्यांवरून बोट फिरवत ते कलम शेवटपर्यंत वाचले.

सुटलेली चिठ्ठी सुदर्शनरावांनी पाहिली आणि बाईंना मेमो मिळाला. निवृत्तीला चार महिने उरले आहेत आणि पेन्शन अडेल म्हणतात. नवी चिठ्ठी सुदर्शनरावांनी स्वतः बसून चिकटवली, फेविकॉलने, चारही कडांनी.

मित्रांनो, तुमच्या घरी तुमची राज्यघटना असेल, तर ती आजच उघडून वाचा. चिकटवणाऱ्यांनी आता खळ वापरायचे सोडले आहे.