फियाटची हवेची नळी

निवृत्तीरावांची पांढरी फियाट वाटेत बंद पडते, हे अख्ख्या लिंबागणेश गावाला माहीत होतं. ती का बंद पडते, हे एकट्या निवृत्तीरावांना माहीत होतं. आणि उभी हयात पाणीपुरवठा खात्यात पंपावर काढल्यामुळं, माहीत असलेली गोष्ट सांगायची नसते, हेही त्यांना माहीत होतं.

भानगड साधी होती. फियाटची पेट्रोलची टाकी डिकीत. पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत बाहेरची हवा यावी, म्हणून तिला एक रबरी नळी असते. ही नळी म्हातारपणानं चिरली आणि गाडीभर वास सुटला. बायकोनं, म्हणजे जाईबाईंनी, नाकाला पदर लावला. तेव्हा निवृत्तीरावांनी बाभळीची खुंटी तासली आणि नळी टाकीला जिथं मिळते तिथं ठोकून दिली. वास गेला. पण टाकीची हवाही कोंडली. बीड सोडून थोडं पुढं आलं, की इंजिनाला पेट्रोल मिळेना आणि गाडी आचके देत एका लिंबाखाली उभी राही.

टाकीचं झाकण जरा सैल केलं, की फुस्स आवाज होऊन ती पुन्हा चालू होते, हे त्यांना दुसऱ्याच खेपेला कळलं होतं. तरी "इंजिन गार व्हावं लागतंय," असं ते गंभीर चेहऱ्यानं सांगत आणि झाकणाकडं फिरकतही नसत. हवा आपसूक आत झिरपून गाडी चालू व्हायला तास तरी लागायचा.

कारण घरी जाईबाई सापडायच्याच नाहीत. तिथं त्या बचत गटाच्या होत्या, विहारातल्या बायांच्या होत्या, शेजारच्या बाळंतिणीच्या होत्या. नवऱ्याच्या वाट्याला "जेवलात का?" आणि "नळ बंद करा" एवढंच यायचं. लिंबाखाली मात्र दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तिथं धोंड्यावर बसून त्या बोलायच्या. तलवाड्याला, माहेरच्या विहिरीत मारलेल्या उड्या. शाळेतल्या बाईंच्या चालण्याची नक्कल. एकदा तर त्यांनी गाणंसुद्धा म्हटलं, आणि मेंढ्या घेऊन चाललेला म्हाळू थांबला तेव्हा लाजून त्यालाच ओरडल्या.

मग लेकीच्या, यशोधरेच्या बाळंतपणाला त्या पुण्याला गेल्या. थोड्या दिवसांसाठी. तो नातू आता शाळेत जातो. व्हिडिओ फोन रोज यायचा, पण तो नातवाच्या हातात. जाईबाईंचा त्यात अर्धा कान दिसायचा. निवृत्तीराव त्या कानाशी बोलायचे.

आता पुतण्याच्या लग्नाला त्या चार दिवस येणार होत्या. आपणहून फोनवर म्हणाल्या, "मी बीडहून यष्टीनं येते. तुमची गाडी वाटेत खाली बसवती, अन् माझे गुडघे आता बसू देत न्हाईत."

"मी दुरुस्त करून आणतो की," निवृत्तीराव बोलून गेले. यष्टीत तर भावकी भेटली असती. म्हणजे कानही गेला असता.

बंकट मिस्त्री त्यांचा वर्गमित्र, त्यामुळं दोघांत आदर नावालाही नव्हता. टाकी रिकामी करून बंकटनं डिकीत डोकं घातलं आणि पक्कडीत खुंटी धरूनच बाहेर काढलं.

"निवृत्त्या, ही कुणी ठोकली बे?"

"उंदरानं."

"तासून? लई गुणाचा सुतार हाय तुझा उंदीर."

"तू नळी बदल. चौकशी आयोग नेमू नको."

"अन् झाकण ढिलं करायचं तुला सुचलं न्हाई? जिंदगीभर पंप चालवले की तू!"

निवृत्तीराव तिथला एक पाना उचलून उगाच पुसायला लागले. बंकटची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याला पुढचं विचारावं लागलं नाही.

"ऱ्हाऊ देऊ का हाय तशी?" तो हळूच म्हणाला.

"नको. तिचे गुडघे दुखत्यात."

बंकटनं पेट्रोलला टिकणारी नवी नळी बसवली, पट्ट्या आवळल्या आणि तिचं तोंड गाडीखाली काढून जमिनीकडं वळवलं. कामात कसलीच खोट नव्हती. निवृत्तीरावांनी ती तीनतीनदा शोधून पाहिली.

बीडच्या स्टँडवर जाईबाई गाडीत बसल्या आणि त्यांनी हुंगलं. "वास न्हाई की!"

"न्हाई."

पुढं नातवाचा फोन आला, मग यशोधरेचा, मग लग्नघरचा. तो चालू असतानाच लिंब आला. गाडी शिस्तीत पुढं निघाली. चांगलं चालणारं इंजिन निवृत्तीरावांना एवढं कधी खटकलं नव्हतं.

जाईबाईंनी मान वळवून मागं पाहिलं. "ठेवते गं," म्हणून फोन बंद केला. "गेलं आपलं झाड," त्या म्हणाल्या.

निवृत्तीरावांनी गिअर खाली पाडला. मग आणखी खाली. मागून ट्रकवाला हॉर्न बडवायला लागला.

"कावून एवढं हळू?"

"नवी नळी हाय. रुळू द्यावी लागती."

"चार दिसांत रुळंल?"

"रबर हाय. काय सांगावं."

जाईबाईंनी काच खाली केली, हात बाहेर काढून ट्रकवाल्याला पुढं जा म्हणून खुणावलं, आणि सीटवर नीट सरकून बसल्या.

"बरं, ऐका," त्या म्हणाल्या, "पुण्यात आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई हाय..."