शशिकलाच्या उशाचा दगड

मी एका कबरीच्या उशाशी उभा असलेला काळा दगड बोलतोय. जरा जवळ येऊन ऐका. शेजारच्या रस्त्यानं न्हावा शेव्याचे कंटेनर दिवसभर धडधडत जातात, त्यांच्यापुढे माझं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. आणि खरं सांगायचं तर आता मोठ्यानं बोलायचं त्राणही उरलेलं नाही.

पनवेलहून उरणकडे जाताना एका गावाच्या वेशीबाहेर कौलारू छपराचं जुनं दगडी चर्च दिसतं. त्याच्या मागे छोटंसं कबरस्तान आहे. तिथं मी राहतो.

माझा जन्म इथल्याच डोंगरातल्या खाणीत झाला. मला घडवणारा पाथरवट जाती आणि पाटे करणारा होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी माझ्या अंगावर कोळशानं अक्षरं काढून दिली आणि तो त्या रेघांवरून छिन्नी चालवत गेला. ‘शशिकला. प्रभूमध्ये निजली.’ शशिकला ही मास्तरांची बायको. विषमज्वरानं गेली. मला उभा केला तेव्हा मास्तरांच्या कडेवर लहानगी पद्मजा होती. ती सारखी विचारत होती, “आई कधी उठणार?” मास्तरांनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं. त्यानंतर लवकरच त्यांनी बदली मागून घेतली आणि मुलीला घेऊन नगरला गेले.

मग वर्षं नुसती अंगावरून गेली. शाळा बंद पडली. ख्रिस्ती घरं एकेक करून मुंबई-पुण्याला गेली. चर्चचं दार महिन्यातून एकदा, पाळक यायचे तेव्हा उघडायचं. एरवी किल्ली तुळशीरामकडे. तो इथला राखणदार. झाडलोट करायचा, बकऱ्या हाकलायचा, वाळलेलं गवत कापायचा.

अधूनमधून मुंबईची माणसं मोटारी घेऊन चर्च बघायला यायची. खिडकीच्या रंगीत काचांचे फोटो काढायची, कुठलं थडगं सगळ्यांत जुनं ते विचारायची. माझ्यावर कोपर टेकून डबे खायची. मला त्याचा राग नव्हता. पण इतक्या माणसांत शशिकला कोण होती हे कुणी विचारलं नाही, याचा हळूहळू शीण आला.

न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात भामा आली. ती कातकरी, नवऱ्याबरोबर जवळच्या वीटभट्टीवर कामाला होती. तिची गोदू, नुकती चालायला लागलेली पोर, तापानं भट्टीवरच गेली. पुरायची कुठे? वाडी लांब डोंगरात. भट्टीचा मालक आपल्या जागेत नको म्हणाला, गावानं आपल्या जागेत नको म्हटलं. भामा पोर पदरात गुंडाळून चर्चच्या फाटकाशी येऊन बसली. तुळशीरामनं पाळकांना विचारलं नाही, चर्चच्या कमिटीला विचारलं नाही. कुदळ घेतली आणि माझ्या शेजारी, कुंपणाच्या भिंतीलगत जागा करून दिली. उशाशी एक ओबडधोबड गोटा ठेवला. त्यावर नाव नव्हतं.

तेव्हापासून भट्टी चालू असली की भामा यायची. गोट्याभोवतीचं गवत उपटता उपटता माझ्या पुढचंही उपटायची. पावसाळ्याआधी भट्टी बंद झाली की वाडीवर परतताना मला हात लावून म्हणायची, “बाय, मी जाते. पोरीला बघ.” ती माझ्याशी बोलत नसे, माझ्या पायाशी निजलेल्या बाईशी बोलत असे. तरी मला त्या दिवशी उगाच ताठ उभं राहावंसं वाटायचं.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. कंटेनरना जागा अपुरी पडत होती. भिंत आणि भिंतीलगतची कबरींची रांग त्यात जाणार होती. कमिटीनं ठरवलं, ज्यांचे नातेवाईक समोर येतील त्यांच्या कबरी आत, चर्चच्या अगदी पाठीशी हलवायच्या. बाकीच्यांवर माती टाकायची. तुळशीरामनं जमेल तिथं निरोप धाडले. भामाला त्यानं स्वतःच सांगितलं. तिनं गोट्यावरची माती पदरानं पुसली. मग म्हणाली, “मी नातेवाईक नाय का?”

“आहेस गं,” तुळशीराम म्हणाला. “पण पोर ख्रिस्ती नाही. कमिटीला कळलं तर ते तिला आत घ्यायचे नाहीत.”

ठरल्या दिवशी सकाळी नगरहून एक बाई आली. केस पिकलेले, खांद्याला पिशवी. माझ्यावरचं नाव वाचून ती तशीच उभी राहिली. मास्तरांच्या कडेवरची पद्मजा एवढी मोठी झाली होती. तिला आईच्या अस्थी नगरला, वडिलांच्या शेजारी न्यायच्या होत्या.

भामा गोट्यापाशी बसली होती. तिनं वर पाहिलं. “बाय, ही तुमची कोन?”

“आई.”

“म्हंजी तुमी हिला नेनार?”

“हो. इथे कुणी नाही तिचं.”

भामानं मान हलवली. “माजी पोर हाय हितं. मी हिलाच सांगून जायची, पोरीला बघ म्हनून. आता नेताय तर न्या. तुमची आई हाय ती.”

पद्मजा खाली बसली. तिनं पोरीचं नाव विचारलं, कशानं गेली ते विचारलं. भामानं सांगितलं.  मग पद्मजानं गोट्याभोवतीचं थोडं गवत उपटलं.

तेवढ्यात कमिटीचे सेक्रेटरी आले. मुंबईचे, नवेच. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “ही नगरला जाणार ना?”

“नाही,” पद्मजा म्हणाली. “आत हलवा. आईला इथेच राहू दे.”

“बरं. आणि शेजारची छोटी कबर कुणाची?”

तुळशीरामनं मान खाली घातली. भामा उठून उभी राहिली. 

“माझ्या बहिणीची,” पद्मजा म्हणाली.

“नाव?”

“गोदू.”

सेक्रेटरींनी तुळशीरामकडे पाहिलं. त्याची नोकरी, राहायची खोली, सगळं या एका माणसाच्या शब्दावर होतं. तुळशीराम म्हणाला, “होय साहेब. मायलेकीच आहेत.”

मजुरांनी आधी शशिकलाची कबर उकरली. गोट्याखालची माती मात्र भामानं कुणाला उचलू दिली नाही. हातांनीच उकरली. जे थोडंसं मिळालं ते पद्मजानं पिशवीतल्या नव्या पातळात घेतलं. आईसाठी आणलेलं पातळ होतं ते. त्याचे तिनं दोन भाग केले होते, एक आईला, एक गोदूला. चर्चच्या पाठीशी एकच खड्डा होता, दोघींना पुरला.

मला हलवताना पहार निसटली आणि माझा एक कोपरा उडाला. त्याच आठवड्यात पनवेलहून कारागीर आणून पद्मजानं माझ्यावर आणखी एक नाव कोरून घेतलं. म्हाताऱ्या अंगावर छिन्नी फार लागते. मी सोसलं. काम झाल्यावर भामानं विचारलं, “यातलं माज्या पोरीचं कोन्तं?” पद्मजानं तिचं बोट धरून अक्षरांच्या खाचेतून फिरवलं. भामानं ते पुन्हा एकटीनं फिरवून पाहिलं.

पुढे भट्टी बंद पडली. भामा कामामागे कुठे कुठे गेली, मला माहीत नाही. पद्मजा नाताळनंतर एकदा यायची. यंदा तिची तब्येत बरी नव्हती, असं तुळशीराम कुणाला तरी सांगत होता. तोही आता काठी घेऊन चालतो. रस्ता माझ्या फार जवळ आलाय. प्रत्येक कंटेनरबरोबर मी थोडा हलतो, थोडा कलतो. डिझेलची काजळी अक्षरांत बसते. मी थकलोय. आडवं व्हावंसं वाटतं, पण पालथा पडलो तर दोन्ही नावं मातीकडे जातील, म्हणून उभा आहे.

तुम्ही चर्च बघायला आलात तर मागच्या बाजूलाही या. दमला असाल तर खुशाल टेका. फक्त काजळी पुसून दोन्ही नावं एकदा मोठ्यानं वाचा. त्यांचं एकमेकींशी नातं काय, हे मात्र कुणाला विचारू नका.