रक्तातली दुरुस्ती

डॉक्टरीणबाईंनी कागद फिरवून बापासमोर ठेवला आणि त्यावर आधी एक गोल, मग त्याच्या शेजारी विळ्यासारखा एक वाकडा आकार काढला.

"तुमच्या मुलीच्या रक्तातल्या पेशी अशा वाकतात. मग बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. पुढचं दुखणं तुम्ही पाहिलंच आहे."

पाहिलंच होतं. पोरगी पंधरा वर्षांची होईपर्यंत त्या घराने दुसरं फारसं काही पाहिलंच नव्हतं. हवा गार झाली की, ताप आला की, कधी काहीच कारण नसताना, हाडं आतून पिळून काढावीत तसं ते दुखणं यायचं. मग लग्नाच्या पंगतीतून उठून दवाखाना, सहलीच्या बसमधून उतरून दवाखाना. बाप उंच इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. घरून फोन आला की हातातला पाना तिथेच टाकून तो धावत सुटायचा. आईने तर नोकरीचा नादच सोडला होता. दोष अर्धा बापाच्या रक्तात होता, अर्धा आईच्या. दोघांना त्याने कधी त्रास दिला नाही, पोरीत मात्र येऊन जुळला. यावरून नवराबायको कधीच भांडले नव्हते. एवढं एक भांडण त्यांनी जपून टाळलं होतं.

"तिच्याच पेशी काढायच्या," डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "प्रयोगशाळेत त्यांच्यातल्या जनुकाला नेमक्या जागी कापायचं, बदल करायचा आणि पेशी तिला परत द्यायच्या. त्याआधी फार जड औषधं द्यावी लागतात. केस जातील. काही आठवडे तिला काचेआड ठेवावं लागेल. पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते; त्याची सोय आधी करून ठेवता येते."

"आणि कापताना भलतीच तार तुटली तर?" बापाने विचारलं.

"शक्यता कमी आहे. पण नाहीच, असं मी म्हणणार नाही. आणि वीस वर्षांनी काय होईल ते कोणालाच सांगता येणार नाही. या उपचाराला अजून तेवढी वर्षं झालेलीच नाहीत."

आईचा चेहरा उतरला. बापाला मात्र त्या क्षणी बाईंचा भरवसा वाटला.

बापाची थोरली बहीण इतका वेळ पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. ती कॉलेजात शिकवायची आणि घरात तिचा शब्द सहसा कोणी मोडत नसे.

"आज रक्त," ती म्हणाली, "उद्या उंची, परवा रंग, तेरवा अक्कल. ज्यांना परवडेल ते माप देऊन पोरं शिवून घेतील, डॉक्टर. बाकीच्यांच्या पोरांनी जायचं कुठे?"

"तुमची भीती खोटी नाही. मलाही वाटते ती. म्हणूनच गर्भात बदल करायच्या कामाला मी हात लावत नाही. हा बदल हिच्या रक्तापुरता राहील. हिच्या मुलाबाळांत जाणार नाही."

"का नाही जाणार?" बाप एकदम पुढे सरकला. "करताच आहात तर पुढचंही मिटवून टाका की एकदाचं!"

"जे अजून जन्मालाच आलं नाही, त्याला विचारणार कसं?"

तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला.

"मी आलेय ना जन्माला. मग मला विचारा की."

सगळ्यांच्या माना वळल्या. पोरगी पाय वर घेऊन बसली होती आणि इतका वेळ तिच्याविषयी बोलणाऱ्या मोठ्यांकडे आळीपाळीने बघत होती. डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची उचलली आणि तिच्यासमोर नेऊन ठेवली.

"विचार, काय विचारायचंय ते."

"दुखणं थांबेल?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"बऱ्याच जणांचं थांबलं. एकाचं पूर्ण थांबलं नाही."

पोरीने पाय खाली सोडले. मग म्हणाली, "करू या." आणि बापाच्या बहिणीकडे वळून, "आत्या, मी उंची नाही हं वाढवून घेत."

"घेतली असतीस तरी चाललं असतं गं," आत्या म्हणाली आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागली.

ते आठवडे कोणाला आठवायला आवडत नाहीत. पोरीचे केस गेले, तोंड आतून सोलून निघालं, अन्नाच्या वासानेही तिला मळमळायचं. काचेपलीकडे ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, आणि अलीकडे आईबाप उभे असायचे. त्या दिवसांत ते न झालेलं भांडणही होऊन गेलं, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, दबक्या आवाजात. झाल्यावर दोघांनी एकाच कपातला चहा घेतला.

मग पेशी रुजल्या. पोरगी घरी आली. केस परतले, पहिल्यापेक्षा कुरळे. तपासण्या चांगल्या येत गेल्या, डॉक्टरीणबाई हसून बोलू लागल्या. पण घराला पटत नव्हतं. पोरगी शिंकली तरी आई दारात उभी. हिवाळा असाच सरला, मग उन्हाळाही.

गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी आतल्या खोलीतून हाक आली.

"बाबा! दुखतंय!"

बाप अर्धी दाढी तशीच ठेवून धावला. पोरगी पोटाशी पाय घेऊन पडली होती. "आई गं... मेले गं..." तो तिच्याजवळ बसला, कपाळाला हात लावला, बोटं दाबून पाहिली. ती आणखी मोठ्याने विव्हळली आणि तिने एक डोळा किलकिला करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून घेतलं.

बापाचा हात जागच्या जागी थांबला. खऱ्या दुखण्यात ही पोरगी कधी ओरडली नव्हती. तेव्हा ती ओठ मिटून घ्यायची, तिला हाक मारली तरी ऐकू जायची नाही.

"ऊठ," तो म्हणाला. "पेपरला उशीर होईल."

"बाबा, खरंच दुखतंय!"

"दुखू दे."

स्वतःचेच शब्द कानांवर पडले तसा तो चपापला. मग भराभर खोलीबाहेर आला. आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती; चेहरा पांढराफटक.

"काय झालं? गाडी काढायची का?"

"काही नाही. खोटं बोलतेय."

"खरंच खोटं?"

"एकदम खोटं."

आतून पोरीचा पाय आपटल्याचा आवाज आला, मग बाथरूमचं दार धाडकन लागलं. आई तिथेच, उंबऱ्यापाशी खाली बसली आणि पदरात तोंड खुपसून हसू लागली. बापाच्या गालावरच्या साबणाचा फेस केव्हाच वाळला होता.