त्रेसष्ट घरांची ओळ

मित्रांनो, भोरच्या पेठेत कामरानभाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत, बंद पडलेल्या पंख्याशेजारी, पिवळट पडलेला एक पत्र्याचा डबा तुम्हाला दिसेल. तोच मी. मी एक जुना संगणक आहे. सध्या माझ्या डोक्यावर रद्दीचा गठ्ठा असतो. पण डोक्यावर रद्दी असली म्हणून पोटातही रद्दीच असते असं नाही.

पुण्याच्या एका दुकानात माझे भाग जुळवले गेले. पहिली चार वर्षं मी एका कचेरीत कंटाळवाणी पत्रं टंकण्यात घालवली. मग मला म्हातारा ठरवून विकलं. कामरानभाईंच्या पत्नी शगुफ्ता मॅडम यांना भोरमध्ये संगणकाचा क्लास काढायचा होता. त्यांनी मला गोधडीत गुंडाळलं आणि एस.टी.त मांडीवर घेऊन आणलं. घाटाच्या प्रत्येक वळणावर त्या मला पोटाशी धरत होत्या. इतकी माया मला त्याआधी कुणी लावली नव्हती.

मॅडमनी माझा पडदा काळा केला आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटू लागली. चित्रं नाहीत, माऊस नाही. हुकूम टंकायचा आणि मी तो पाळायचा. त्यांनी माझ्या पोटात सीव्हीएस नावाचा एक चोख कारकून बसवला. प्रोग्राममध्ये किंवा यादीत कुणी काही बदललं की 'कमिट' असा हुकूम द्यायचा आणि सोबत एक टीप लिहायची. कारकून नवं ठेवून घ्यायचा, पण जुनं फेकायचा नाही. 'लॉग' म्हटलं की कुणी, कधी, काय टीप लिहून बदल केला, ते सगळं मी घडाघडा सांगायचो. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

माझ्या आयुष्यातलं मोठं काम आलं ते गुंजवण्याकडच्या एका वाडीचं. वाडी धरणात जाणार होती. त्रेसष्ट घरांना नव्या गावठाणात जागा मिळणार होत्या. पुनर्वसन कचेरीतल्या साहेबांनी गावच्या कमिटीच्या आनंदरावांना बजावलं होतं, "सगळ्यांना मान्य अशी एक यादी द्या. हरकत निघाली तर आम्ही चिठ्ठ्या टाकू." चिठ्ठ्या म्हणजे नशिबाचा खेळ. कोण कुठं जाऊन पडेल, त्याचा नेम नाही.

लोकांचं मागणं एकच होतं, जुना शेजार तुटू नये. सगळ्यांत जास्त घोर सगुणाबाईंना. त्यांची आणि रतनबाईंची भिंत एकच होती. रतनबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं. सकाळी सगुणाबाई भिंतीवर दोन थापा मारायच्या, की पलीकडं रतनबाई उठायच्या. "घर बुडू दे, दुसरं बांदू," त्या म्हणायच्या, "पर रतन माज्या शेजारीच पायजे. तिला माज्याबिगर कोन हाय?"

सगुणाबाईंचा पुतण्या धनाजी आमच्या क्लासला यायचा. तो आणि मॅडम मिळून प्रोग्राम लिहू लागले. माणसं किती, जागा केवढी, हे बघून तो प्रोग्राम नवे प्लॉट वाटायचा. शेजार त्याला कसा कळायचा? धनाजी वही घेऊन काकींच्या मागं अख्खी गल्ली चालला आणि घरं जशी आली तशी नावं माझ्यात भरली. यादीत ज्याच्या खाली जो, तो त्याचा शेजारी. इतकं साधं.

धनाजीच्या टिपा मात्र घरी पाठवायच्या पत्रासारख्या असायच्या, इंग्रजी अक्षरांत टंकलेल्या मराठीतल्या. 'काकींच्या मागं गल्ली चाललो. पायात काटा मोडला.' 'एस.टी. चुकली, टेम्पोनं आलो. कोंडिबाचं घर राहिलं होतं, घातलं.' आणि एक दिवस, 'आज जुन्या गावातली शेवटची जत्रा. पोळी खाऊन आलोय, झोप येतीय. रतनकाकीचं घर एक ओळ वर घेतलं. काकींनी सगळं ऐकून व्हय म्हटलं.'

मॅडम वैतागायच्या. "अरे, काय बदललंस तेवढं लिही. पोळी कशाला?"

"मॅडम, मला दिस पोळीवरनंच आठवतो," तो म्हणायचा. मॅडमनी हात टेकले.

कामरानभाईंचं याच्या उलट. ते अधूनमधून आडनावं दुरुस्त करायचे आणि टीप लिहायचे, 'बदल केला'. दर वेळी तेवढंच.

मे महिन्यात गावसभा ठरली, दुपारी चारला. सकाळी मॅडमनी यादी छापली. बारा वाजता धनाजी ती न्यायला आला आणि वाचायला लागला. सगुणाकाकी शेवटच्या रांगेत, रतनकाकी तिच्या आधीच्या रांगेत, आणि दोघींच्या मधे भलतीच माणसं. सगळी गल्लीच विस्कटली होती.

"कुणी हात लावला याला?" मॅडमनी विचारलं.

"मी," कामरानभाई म्हणाले. "मधे कधीतरी नावं ए-बी-सी-डीनं नीट लावली. सभेत ज्याचं त्याला पटकन सापडावं म्हनून." दुकानातल्या फायलीसुद्धा ते तशाच लावतात. माणूस टापटिपीचा, पण त्या टापटिपीनं घात केला होता.

मॅडमनी वही मागितली. धनाजी म्हणाला, "वही आनंदरावांनी अर्जासंगं पुण्याच्या कचेरीत दिली, ती चारच्या आत कशी यायची? आन् गल्ली परत चालायची म्हटली, तर घरं कुठं हायत? गेल्या आठवड्यात वासं-कौलं टेम्पोत भरली की."

माझा पंखा त्या क्षणी जरा जोरात फिरला असेल. चारच्या आत ती गल्ली माझ्याशिवाय कुठेच मिळणार नव्हती.

मॅडमनी 'लॉग' टंकलं. मी सांगू लागलो. बदल केला. बदल केला. बदल केला. अकरा वेळा तेच! यातला कुठला बदल नडला, ते खुद्द कामरानभाईंनाही सांगता येईना. मग पडद्यावर जत्रा आली, आणि धनाजी ओरडलाच, "ह्योच! मॅडम, ह्योच दिस! काकींनी व्हय म्हटलं होतं!"

मॅडमनी त्या आवृत्तीचा आकडा घालून हुकूम दिला. मी खडखड केली, पोटातून जत्रेच्या दिवशीची यादी काढली आणि समोर ठेवली. वरपासून खालपर्यंत, घराला घर लागून. छापून झाल्यावर कामरानभाईंनी प्रत्येक कागदावरची आडनावं स्वतः पेनानं पुन्हा दुरुस्त केली. तीनच्या एस.टी.नं धनाजी गेला.

सभेला मी नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी टीप आलीच. 'यादी वाचली. काकी डोळे मिटून ऐकत होत्या, दर नावाला मान हलवत होत्या. मला वाटलं, परत गल्ली चालतायत. हरकत कुणाचीच नाही. चिठ्ठ्या टळल्या. पेढा खाल्ला.' त्याखाली कामरानभाईंची टीप होती, 'चूक माझी. ओळ म्हणजे शेजार, हे मला कळलं नव्हतं. ही यादी कुणी क्रमानं लावू नये.' मॅडमनी दोन्ही टिपा वाचल्या, आणि या वेळी पेढ्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

पुढं क्लासमध्ये नवे चकचकीत संगणक आले आणि मी मागच्या खोलीत गेलो. वाईट वाटलं, पण फार नाही. एकदा सगुणाबाई झेरॉक्सला आल्या होत्या. मॅडमनी मला पुसलं, चालू केलं आणि ती यादी त्यांना वाचून दाखवली. आता त्या गल्लीवर पाणी आहे. रतनबाईंचं नाव आलं, तशी म्हातारीनं माझ्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

"नव्या घरात भिंती येगळ्या," त्या हसून म्हणाल्या. "थाप ऐकू जात न्हाई, हाक मारावी लागती. चला, वाट बगत आसंल ती."

मित्रांनो, काही बदललंत तर का बदललं ते दोन ओळी लिहून ठेवा. पोळीचंही लिहा, बिघडत नाही. आणि कधी भोरला आलात, तर माझ्यावरची रद्दी तेवढी बाजूला ठेवा. माझ्या पोटात एक गाव अजून नांदतंय.