समोरून येणारी गाडी

चैत्र लागला आणि मलकापूरवर ऊन तुटून पडलं. भिंती चटके देत होत्या, दाराची कडी चटके देत होती. महामार्गाचं डांबर वितळून मऊ झालं होतं, आणि ट्रकांची चाकं ते कातड्यासारखं सोलून नेत होती.

रस्त्याला लागून दिगंबर तायडेचं दुकान. तो कूलरचे पत्रे ठोकत होता. पत्रा कापताना किंचाळे, वाकताना कण्हे, आणि हातोडा त्याला गप्प करून पुन्हा ओरडायला लावी. दिवसभर हेच. ऊन मारत होतं, दिगंबर मारत होता, पत्रा सोसत होता.

आतल्या खोलीत त्याची मुलगी प्रांजल गणितं सोडवत होती. रविवारी एमबीएची प्रवेश परीक्षा होती. गेल्या वर्षी थोडक्या गुणांनी सरकारी कॉलेज हुकलं. यंदा हुकलं तर तिसरी खेप नाही, हे बापलेकीला न बोलता ठाऊक होतं.

तिला सगळं येई. टक्केवारी येई, टाकी भरणारे नळ येत, काम करणारी माणसं येत. दोन गाड्या मात्र येत नसत.

तीनशे किलोमीटरचं अंतर. दोन गाड्या समोरासमोर निघतात, एक ताशी साठने, एक चाळीसने. कधी भेटतील? वेग मिळवायचे, शंभर. तीन तास. पण प्रांजल वेग वजा करी. वीस. पंधरा तास. आणि पर्यायांत पंधरा असतच. चुकणाऱ्यासाठी कोणीतरी मांडून ठेवलेला सापळा, जबडा उघडा टाकून बसलेला.

क्लासच्या वराडे सरांनी भर वर्गात विचारलं होतं, "प्रांजल, तुझ्या गाड्या एकमेकींना पाहून तोंड फिरवतात का गं? सवती आहेत का?" वर्ग हसला. तीही हसली. सर नवे होते. त्यांना माहीत नव्हतं.

दीड वर्षापूर्वी याच रस्त्यावर तिची आई रेखा खामगावचं लग्न आटोपून काळीपिवळी जीपने घरी येत होती. समोरून ट्रक आला. काच फुटली. लोखंड दुमडलं. लोखंडात माणसं दुमडली. लग्नघरचे बुंदीचे लाडू रस्ताभर घरंगळत गेले, आणि जिथे थांबले तिथे लाल झाले.

दुपारी दिगंबर पाणी प्यायला आत आला. पोरीच्या कागदाकडे पाहत उभा राहिला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. पण बाण वाचता येत होते. पत्रा कुठे वाकवायचा, ते तोही बाण काढूनच ठरवी. कागदावर दोन बाण होते. एकावर साठ, एकावर चाळीस. दोघांची तोंडं एकाच बाजूला.

"दोन्ही गाड्या एकीकडेच चालल्या?" त्याने विचारलं. "गणितात काय सांगतलं?"

"समोरासमोर."

"मंग?"

प्रांजलच्या पेनाचं टोक कागदात रुतत गेलं, कागद फाटला, खालचा कागदही फाटला. मग ती म्हणाली, की आपल्याला सगळं समजतं, रीत पाठ आहे, हातच ऐकत नाही. हातच ट्रक वळवतो.

"पंधरा तासांत आई घरी पोचते, बाबा."

दिगंबरने पेला खाली ठेवला. पाणी तसंच राहिलं. तो बाहेर गेला आणि पूर्ण झालेल्या, रंग दिलेल्या कूलरवर त्याने हातोडा घातला. एकदा, पुन्हा, पुन्हा. रंग उडाला, कड उसवली, पत्रा आत गेला, पत्रा फाटला. शेजारच्या पंक्चरवाल्याने हातातलं काम थांबवलं आणि मान फिरवली. फाटलेल्या पत्र्याने दिगंबरचा तळहात उभा चिरला, तेव्हा हातोडा आपोआप सुटला.

तो दारात येऊन उभा राहिला. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

"येऊ दे त्या ट्रकाले, बाई," तो म्हणाला. "तो वळला नोता."

खोलीत ऊन होतं. उन्हात धूळ होती. प्रांजलने नवा कागद घेतला. एक बाण काढला, आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग दुसरा काढला, पहिल्याकडे तोंड करून.

साठ निघाले. चाळीस निघाले. रस्ता दोन्हीकडून संपत गेला, खामगाव मागे पडलं, नांदुरा मागे पडलं. तिने वेग मिळवले. शंभर. तिसऱ्या तासाला, त्या पांढऱ्या कागदावर, ते एकमेकांवर आदळले, आणि प्रांजलने डोळे मिटले नाहीत.